मालकाचं वाद्य, माझी चंची

बँडमधलं क्लॅरिनेट बहुतेक ठिकाणी मालकाचं असतं. ढोल, साइड ड्रम, युफोनियम, ट्रॉलीवरचे कर्णे, जनरेटर, सोनेरी झालरीचे कोट, सगळं मालकाचं. पण ओठांत धरायचा माउथपीस, त्यावर बसणारी रीड आणि वाद्य चालतं ठेवायला लागणाऱ्या बारक्या वस्तू ज्याने त्याने आपल्या पैशाने घ्यायच्या, असा आमच्याकडचा रिवाज. सुपारी ठरताना घोडा मोजतात, लाइटच्या छत्र्या मोजतात, गणवेशातली माणसं मोजतात. क्लॅरिनेटवाल्याच्या खिशात काय आहे ते कोणी विचारत नाही. मी वालूरचा. सेलू तालुक्यातल्या या गावातून जिंतूर, मानवत, पाथरीकडच्या वराती करत माझी उमर गेली, आणि त्या खिशावर अर्धं काम उभं असतं हे मी छातीठोकपणे सांगतो.

आमच्या घरात आधी सनई होती. आजोबांच्या सनईला दोऱ्याने बांधलेल्या दोन-चार पाती आणि एक सुई कायम लटकत असायची. तोंडातली पाती चिरली की तिथल्या तिथे दुसरी लावायची, सुईने तिचं तोंड मोकळं करायचं आणि पुढे वाजवायचं. ज्याने ही रीत पाडली त्याला वाजवणाऱ्याची अडचण पुरती कळली होती. सुटी वस्तू वाद्यापासून लांब गेली की ती नसल्यातच जमा. क्लॅरिनेटला असं काही लटकवायची सोय नाही. माउथपीस, बॅरल, वरचा तुकडा, खालचा तुकडा आणि भोंगा असे पाच भाग सुटे करून ते पेटीत बसतं, आणि पेटी तर परण्या (नवरदेवाची लग्नाआधीची मिरवणूक) निघाला की टेम्पोतच राहते.

म्हणून मला शिकवणाऱ्या मास्तरांनी चंची धरली. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या कमरेला पान-तंबाखूची कापडी चंची असते. तिला एकात एक कप्पे, नाडी गुंडाळली की मुठीत मावते. मास्तरांनी सुपारीच्या कप्प्यात रीड ठेवल्या, चुन्याच्या डबीत मेण, आणि पानाच्या मोठ्या कप्प्यात कापड. मलाही त्यांनी तशीच शिवून घ्यायला लावली. आता बाजारात झिपच्या पिशव्या मिळतात, पण मी चंची सोडली नाही. अंधारात बोटांना कप्पा ओळखू येतो, आणि आमचं निम्मं काम अंधारातलं.

चंचीत पहिला मान रीडचा. ही दिसायला बोटभर लांबीची बोरूची चपटी पट्टी, टोकाला कागदाहून पातळ तासलेली. हा बोरू दक्षिण फ्रान्सच्या व्हार भागातला उत्तम समजतात. पॅरिसची व्हॅन्डोरेन कंपनी 1905 पासून रीड करते, तिची निळी डबी बँडवाल्यांच्या घरात दागिन्यासारखी कपाटात ठेवलेली असते. डबीत दहा रीड. त्यांतल्या तीन-चार मनासारख्या निघतात, दोन-तीन रियाजापुरत्या, बाकीच्या तासून-घासून कामाला आणायच्या. सेलूत ही डबी मिळत नाही. पूर्वी पुण्या-मुंबईला जाणाऱ्याला चिठ्ठी लिहून द्यायचो, आता मोबाइलवर मागवली की कुरिअर येतं. किंमत मात्र दोन हजारांच्या पुढे. एका बऱ्या रात्रीच्या मजुरीहून डबी महाग पडते.

रीडला नंबर असतो. दीड, दोन, अडीच, तीन असा चढत जातो, आणि नंबर चढेल तशी रीड कडक. पेटीवाद्यासारखं एका जागी बसून वाजवायचं असेल तर तीन नंबर गोड लागतो, आवाज भरीव येतो. चालत, नाचणाऱ्यांना वाट देत, चार-चार तास वाजवायचं तर तीन नंबरने रात्री दहाला ओठ बधिर होतात. मी परण्याला दोन नंबर लावतो आणि वरातीच्या शेवटी दीड. आणखी एक गोष्ट. आपली गाणी मींडेवर चालतात, आणि क्लॅरिनेटवर मींड काढायची ती बोट भोकावरून हळूहळू सरकवून आणि ओठ सैल सोडून. कडक रीड ओठाचं ऐकत नाही. मास्तरांकडे मास्टर इब्राहिम यांच्या जुन्या 78 आरपीएमच्या तबकड्या होत्या, सिनेमाची गाणी क्लॅरिनेटवर वाजवलेली. त्या ऐकवून ते म्हणायचे, "बघ बेटा, गाणारीचा गळा जिथं वळतो तिथं ह्यांची रीड वळती." पुढे मी रायचूरच्या नरसिंहलू वडवाटी यांचं रागवादन ऐकलं, तामिळनाडूच्या ए. के. सी. नटराजन यांचं कर्नाटक पद्धतीचं ऐकलं. नटराजन यांना 2022 साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या ताफ्यात पेढे वाटले. लग्नात वाजणारं हे वाद्य रागदारीच्या बैठकीत मानाने बसलं याचा आनंद आम्हा वाजवणाऱ्यांनाच खरा कळेल.

आमच्या परभणी जिल्ह्याचा उन्हाळा रीडचा वैरी आहे. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो, हवेत ओल नावाला नसते. सकाळी सपाट असलेली रीड दुपारी टोकाला लाटेसारखी वाकते. ती तशीच लावली तर फुंकर रीडखालून निसटते आणि ऐन अंतऱ्यात वाद्य किंचाळतं. त्याला इलाज असा. निघण्याआधी रीड वाटीभर पाण्यात दोन-तीन मिनिटं आडवी बुडवायची, मग आरशाच्या काचेवर पालथी ठेवून अंगठ्याने हलकं दाबायचं. माझ्या चंचीत आरशाचा दोन बोटं रुंद तुकडा आहे, कडा घासून बोथट केलेला. रीड त्याच्यावरच रबराने बांधलेल्या असतात, एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन, टोकं काचेच्या आत. काच सपाट, त्यामुळे रीडही सपाट राहते. दुकानात यासाठी प्लास्टिकच्या सुबक डब्या मिळतात. ज्याला परवडेल त्याने घ्यावी. पण कंपनीच्या पातळ कागदी पाकिटात रीड घालून शर्टाच्या खिशात टाकू नये. खाली वाकून हार उचलला की टोक मोडलंच.

आणि रीड पाळीपाळीने वापरायची. चार रीडवर दिवस वाटून दिले तर चारही टिकतात. एकच आवडती रोज रगडली तर ती ऐन सराईत मरते आणि बाकीच्या तिघी कोऱ्याच राहिल्याने बिथरलेल्या असतात. नवी रीड तर वरातीत कधीच लावू नये. तिला घरी रोज दहा-दहा मिनिटं फुंकून कामाला लावावं लागतं. हे मी आमच्या बारवेच्या काठी बसून करतो. वालूरची ती चक्राकार बारव आता बाहेरच्यांनाही माहीत झाली आहे. टपाल खात्याने 2022 मध्ये महाराष्ट्रातल्या बारवांची चित्रं पोस्टकार्डांवर छापली त्यांत ती आहे. पायऱ्या गोल फिरत पाण्याकडे उतरतात. सकाळी तिथे गारवा असतो, रीड सुकत नाही आणि सूर भिंतींवरून परत कानावर येतो, म्हणजे आपण नेमके कुठे बेसूर आहोत ते लपत नाही.

गारव्यात आणि उन्हात वाद्याचा सूर एक राहत नाही, हे नव्या पोरांना सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. हवा तापली की क्लॅरिनेट चढतं. बारवेवर कॅशिओशी, म्हणजे विजेच्या कीबोर्डशी, जुळलेलं वाद्य दुपारी मांडवापुढे चढं लागतं. कॅशिओ आपल्या सुरावर ठाम, त्यामुळे उतरायचं क्लॅरिनेटनेच. बॅरल केसभर ओढून बाहेर काढायचं, तेवढ्याने वाद्य लांब होतं आणि सूर उतरतो. म्हणून निघताना ज्याने बॅरल पार आतपर्यंत दाबून बसवलंय आणि सांध्याचा बूच कोरडा आहे, त्याला चालता चालता ते हलवता येत नाही. सांध्यांना मेण लागतं ते यासाठी. मास्तर मधमाश्यांचं मेण आणि खोबरेल तेल एकत्र वितळवून डबीत भरायचे. मीही तेच करतो. उन्हाळ्यात मेण थोडं जास्त, हिवाळ्यात तेल जास्त. व्हॅसलिन लावणारे पुष्कळ आहेत, पण त्याने बुचाखालचा गोंद सुटतो असं मास्तर म्हणायचे, आणि मी ज्या जुन्या वाद्यांचे सांधे पाहिले त्यांवरून मला ते पटतं. उलट डिसेंबरात बूच आकसतो, सांधा ढिला पडतो. मग शिवणाचा दोरा चार वेढे गुंडाळायचा. चंचीत दोऱ्याची रीळ असतेच, तिच्यात सुई खोचलेली.

सुरांचं एक गणित वहीत लिहिलेलं असतं. ही वही छोटी, खिशात मावणारी, पेन्सिल दोऱ्याने बांधलेली. आमचं क्लॅरिनेट बी फ्लॅटचं. त्यावर सी वाजवला की पेटीवर काळी पाच ऐकू येते. गाणारा काळी एकचा असला तर त्याचा सा मला डी शार्पच्या जागेवर धरावा लागतो. हे बोटांत बसलेलं असतं, पण रात्री अकराला कोणी नवा गायक माइक हातात घेऊन "काळी चार" म्हणाला की वहीचा आधार वाटतो. त्याच वहीत गाण्यांची सुरुवात सरगममध्ये लिहिलेली असते. परण्याला काय, मारुतीपुढे काय, नवरी निघताना काय, याचा क्रम असतो. शेवटच्या पानावर राष्ट्रगीत. 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, झेंडावंदनासाठी बँड बोलावतात तेव्हा ते वाजवावं लागतं, आणि पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे 52 सेकंद ठरलेले आहेत. मी शाळेच्या मैदानावर जाण्याआधी नवी नव्हे, पण ठणठणीत रीड लावतो आणि दुसरी भिजवून वरच्या खिशात ठेवतो. वरातीत वाद्य किंचाळलं तर लोक हसून सोडून देतील. तिथे नाही.

आता चहाची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण आमच्याकडे क्लॅरिनेट बंद पडतं ते जास्त करून मानपानामुळे. बँड गावात शिरला की आधी चहा येतो, गोडमिट्ट. मग बुंदी, जिलेबी. कोणी प्रेमाने विडा तोंडात कोंबतो. त्याच तोंडाने फुंकायला लागलं की साखरेची लाळ आत जाते. वाद्याच्या आत वाफ धरते, तिचं पाणी होऊन वरच्या तुकड्यातल्या बारीक भोकांत उतरतं आणि पॅड चिकटतात. जी शार्पची किल्ली आणि ए ची किल्ली आधी चिकटतात. बोट उचललं तरी किल्ली उठत नाही, उठली तर चट् असा आवाज करते. म्हणून माझा एकच हट्ट असतो. चहा घ्यायचा, यजमानाचं मन मोडायचं नाही, पण वाजवण्याआधी दोन चुळा भरायच्या. पाण्याची बाटली ट्रॉलीवर माझ्या हाताशी ठेवलेली असते आणि पोरांना ठाऊक आहे की ती पिण्याची नाही.

तरीही पॅड चिकटलाच तर सिगारेटचा कागद. आमच्या ताफ्यात मी विडी-सिगारेट न ओढणारा, पण सिगारेट वळायच्या कागदाचं पाकीट माझ्याच चंचीत सापडतं. पॅडखाली कागद सरकवायचा, किल्ली हलकी दाबायची, कागद पाणी ओढून घेतो. मग कोरडी जागा घेऊन पुन्हा. ओढून काढायचा नाही, पॅडवरची पातळ कातडी फाटते. दाबायचं, सोडायचं, मग कागद काढायचा. तेवढ्यात ट्रम्पेटवाला दोन ओळी जास्त घेतो. काही पोरं ओवाळून आलेली दहाची नोट पॅडखाली घालतात. ती नोट किती हातांतून, किती घामातून आलेली असते! पॅड आणखी चिकट होतो. नोट मालकाच्या पेटीत जाऊ द्या, पॅडला कागदच घाला.

वाजवून झालं की आतून पुसायचं कापड. माझं कापड आजीच्या जुन्या लुगड्याचं आहे, शेकडो धुण्यांनी मऊ झालेलं, सूत सोडत नाही. एका टोकाला दोरी आणि दोरीला शिशाचं छोटं वजन. भोंग्याकडून वजन सोडायचं, वाद्य उभं धरायचं, वजन दुसरीकडून बाहेर आलं की कापड ओढून घ्यायचं. घाईत कापडाचा बोळा करून ओढला तर वरच्या तुकड्यात अडकतो, तिथे आत एक नळी पुढे आलेली असते. म्हणून कापड पसरून, एकाच थराचं घालायचं. माउथपीस वेगळा, तो कोमट पाण्याने धुवायचा. कढत पाणी ओतलं तर त्याचं काळं रबर हिरवट पडतं, वास मारतं आणि आकारही बिघडतो. हे काम रात्री दोन वाजता टेम्पोत बसल्यावर नकोसं वाटतं. पण ज्या वाद्यात ओल राहिली त्याच्या स्प्रिंगा गंजतात, आणि गंजलेली स्प्रिंग कुठे तुटेल याचा नेम नाही.

स्प्रिंगेचा एक प्रसंग. मानवतकडच्या एका गावात परण्या मारुतीच्या देवळापुढे आला. नवरदेव घोड्यावरून उतरून पाया पडायला गेला, आणि तेवढ्यात माझ्या डाव्या अंगठ्याखाली काहीतरी सुटल्यासारखं झालं. रजिस्टरच्या किल्लीची स्प्रिंग तुटली होती. ही किल्ली म्हणजे क्लॅरिनेटचा जिना. बासरीसारखं हे वाद्य जोरात फुंकून सप्तकाने वर जात नाही. खालच्या सा वर ही किल्ली उघडली तर थेट वरच्या सप्तकातला पंचम लागतो. ती एरवी झाकलेली राहायला हवी. स्प्रिंग तुटली की ती उघडी राहते आणि खालचे सूर लागतच नाहीत, सगळं वरच कोकलतं. मी रांगेतून दोन पावलं बाजूला झालो, कोटाच्या डाव्या खिशातून रबर काढलं, वाद्याभोवती दोन वेढे देऊन किल्लीच्या झाकणावरून नेलं. आता रबर तिला झाकून धरायचं आणि अंगठा दाबला की ती उघडायची. थोडी जड चालत होती एवढंच. नवरदेव देवळातून बाहेर आला तेव्हा मी माझ्या जागी होतो. ढोलवाला आमचा चुलतभाऊ, त्यानं नुसतं विचारलं, "झालं का रं?" मी मान हलवली. त्या रात्री पहाटेपर्यंत रबराने निभावलं.

त्या प्रसंगापासून मी चंचीची विभागणी पक्की केली. काय चंचीत आणि काय अंगावर, हे ठरलेलं असावं. अंगावर म्हणजे गणवेशाच्या खिशांत: रबराची दोन-तीन कडी, एक भिजलेली रीड, कागदाचं पाकीट आणि बारका पेचकस. हे चालता चालता, मान न वळवता हाताला लागलं पाहिजे. दोरा, मेण, काच, लाख, पॉलिश पेपर, रीड माउथपीसला घट्ट धरणारं जादा लिगेचर हे चंचीत, आणि चंची ट्रॉलीच्या पुढच्या दांडीला बांधलेली. पेटी, जुना माउथपीस आणि कोरडा शर्ट टेम्पोत. कोटाचे खिसे शिवताना शिंपी ते नुसते दिसायला ठेवतात, वरची पट्टी शिवून टाकतात. नवा गणवेश आला की मी आधी बायकोकडून ते खिसे उसवून घेतो आणि आत अस्तराचा दुसरा कप्पा लावून घेतो.

पेचकस घड्याळजीकडे असतो तसा. क्लॅरिनेटला बारीक स्क्रू भरपूर, आणि ट्रॉलीवरच्या कर्ण्यांचा धडका छातीला जसा जाणवतो तसाच तो स्क्रूंनाही जाणवतो. टेम्पोच्या खडखडाटाने ते आधीच ढिले झालेले असतात. रात्री रस्त्यावर पडलेला स्क्रू सापडत नाही. म्हणून दर वरातीआधी सगळे स्क्रू एकदा फिरवून पाहायचे, फार आवळायचे नाहीत, नाहीतर किल्ली जाम होते. जो स्क्रू वारंवार सुटतो त्याच्या डोक्यावर नेलपॉलिशचा थेंब. ही युक्ती मला परभणीच्या एका वयस्कर चाचांनी शिकवली. त्यांच्या पेटीत लाल नेलपॉलिशची बाटली पाहून पोरं हसायची, चाचा शांतपणे म्हणायचे, "स्क्रू गिरेगा तो मेरे पास ही आओगे."

लाखेचंही त्यांनीच शिकवलं. पॅड किल्लीच्या वाटीत लाखेने बसवलेले असतात. कोणी घाईघाईत मेणाने चिकटवलेला पॅड आमच्या उन्हात टिकत नाही. टेम्पोत बंद पेटी तापते, मेण मऊ होतं आणि पॅड गळून पडतो. लाख धरून राहते. लाखेचा तुकडा आणि काडेपेटी जवळ असली, की किल्लीची वाटी मागून नुसती शेकायची, लाख पाझरली की पॅड दाबून बसवायचा आणि निवेपर्यंत बोटाने धरायचा. वाद्याचं लाकूड ज्योतीपासून लांब ठेवायचं. चांगली क्लॅरिनेट आफ्रिकेतल्या काळ्या लाकडाची असतात, ती तापून-निवून तडकतात. आमच्या ताफ्यांत एबोनाइटची, प्लास्टिकची वाद्यं जास्त, आणि वरातीला तीच बरी. काही मालकांकडे अजून जुन्या अल्बर्ट पद्धतीची आहेत, कमी किल्ल्यांची. मेरठच्या जली कोठीत 1885 पासून नादिर अली कंपनी बँडची वाद्यं करते, बाकीही कारखाने आहेत, त्यामुळे देशभरच्या ताफ्यांत नाना घडणीची वाद्यं मिसळलेली. एकाचा माउथपीस दुसऱ्याच्या बॅरलमध्ये बसेलच असं नाही. म्हणून "लागलं तर शेजारच्याचं घेऊ" या भरवशावर निघू नये. रीड आणि माउथपीस तर तसेही कोणाचे घेऊ नयेत, देऊ नयेत. 2020 नंतर हे सगळ्यांना पटलं. त्या वर्षी सराईच्या तोंडावर टाळेबंदी लागली, ताफे घरी बसले. त्या बंद काळात मी आठवड्यातून एकदा चंची उघडून वस्तू उन्हात ठेवत होतो, रीडला बुरशी येऊ नये म्हणून.

माइकचा विषय मास्तरांच्या वेळी नव्हता. आता ट्रॉलीचा साउंड एवढा मोठा की उघडं क्लॅरिनेट कोणाला ऐकू जात नाही. साउंडवाला येतो आणि भोंग्याच्या तोंडात माइक खुपसून चिकटपट्टी मारतो, कारण ट्रम्पेटला तो तसंच करतो. पण क्लॅरिनेटचा आवाज भोंग्यातून थोडाच येतो, बहुतेक सूर उघड्या भोकांतून बाहेर पडतात. माइक भोंग्याशी लावला की काही सूर कानठळ्या बसवतात आणि मधले गायब होतात. त्याला प्रेमाने सांगून माइक मधल्या सांध्याच्या समोर, वीतभर अंतरावर लावून घ्यायचा. त्यासाठी माझ्याकडे माझी क्लिप आणि काळ्या चिकटपट्टीचं वेटोळं आहे. कानात घालायला कापसाचे बोळेही. कर्ण्यांच्या पुढ्यात वर्षानुवर्षं चालून कमी ऐकू येणारे ढोलवाले मी पाहिले आहेत. कापूस घातला तरी आपला सूर हाडांतून, दातांतून कळतोच.

रात्री दहा वाजले की कर्णे बंद करावे लागतात, सन 2000 च्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी तशी वेळ घातली आहे. पोलीस पाटील येऊन उभे राहतात. वरात तेव्हा घरापासून दोन गल्ल्या लांब असते. मग एक म्हातारी बाई किंवा नवऱ्याचे मामा म्हणतात, "तोंडाचं वाद्य वाजू द्या की, त्याला काय होतंय." आणि मग बिनमाइकचं क्लॅरिनेट, हळू ढोलकी आणि झांज एवढ्यावर नवरी सासरच्या दाराशी पोचते. मला आमच्या धंद्यातला सगळ्यांत आवडता वेळ तो. कर्ण्यांत रीड कशी आहे ते झाकून जातं. या दोन गल्ल्यांत मात्र वाजवणाऱ्याचा ओठ, रीड, पॅड सगळं उघडं पडतं. म्हणून त्या दिवसाची सर्वांत चांगली रीड मी त्या वेळेसाठी राखून ठेवतो, सुरुवातीला लावत नाही.

पावसाळ्याची चंची वेगळी. 1 ऑगस्टला अण्णाभाऊ साठे जयंतीची मिरवणूक असते, मग गणपती, मग नवरात्र. ऑगस्टात रीड सुकत नाही, फुगते. जी उन्हाळ्यात ढिली वाटली ती आता जड वाटते. टोकाच्या मागे पॉलिश पेपरने एक-दोन हात फिरवले की हलकी होते. वाद्यावर पाऊस पडू नये म्हणून दुधाच्या मोठ्या पिशव्या धुऊन ठेवलेल्या असतात, वरच्या तुकड्यावर चढवल्या तरी बोटं खालून चालतात. पुण्याच्या प्रभात बँडसारखे नामांकित ताफे बैठकीतही वाजवतात, तिथे कागद उडू नये म्हणून स्टँडला चिमटे लागतात. आम्हाला चिमट्यांपेक्षा पिशव्यांची गरज.

या सगळ्याला किती खर्च येतो? सराईत एका वाजवणाऱ्याला दोन डब्या रीड लागतात. माउथपीस काही वर्षांनी बदलावा लागतो, लिगेचरचे स्क्रू झिजतात, पॅडचा एक संच, मेण, लाख, कापड, दोरा. मालक दिवाळीआधी उचल देतात, ती घरात, शेतात, पोरांच्या फीमध्ये जाते. त्यातून डबी घ्यायची तर घरात कोणाच्या तरी वाट्याचं कमी होतं. म्हणून बरेच जण एकाच चिरलेल्या रीडवर हंगाम काढतात, टोक ब्लेडने कापून कापून ती आखूड करतात. मग सूर खरखरतो आणि मालक म्हणतो, क्लॅरिनेटला आता कोण विचारतं, कॅशिओ लावू. वाजवणाऱ्याची हौस संपली म्हणून नव्हे, रीड संपली म्हणून क्लॅरिनेट ताफ्यांतून हटत चाललं आहे, असं माझं ठाम मत आहे. जनरेटरचं डिझेल मालक भरतो, कारण त्याशिवाय लाइट लागत नाही हे त्याला दिसतं. रीड हे क्लॅरिनेटचं डिझेलच आहे.

यंदा तुळशीच्या लग्नाआधी सुपाऱ्यांची बोलणी चालली होती तेव्हा आम्ही चार क्लॅरिनेटवाल्यांनी मालकांपुढे हे मांडलं. उचलीत धरू नका, वेगळं द्या: माणशी दोन डब्या रीड आणि वाद्याच्या दुरुस्तीचं सामान, ज्याचा त्याने हिशोब द्यायचा. मालकांनी वही काढली, कर्ण्यांच्या दुरुस्तीला गेल्या हंगामात काय लागलं ते पाहिलं आणि एका डबीला कबूल झाले. दुसरीसाठी आम्ही अजून बोलतो आहोत. एक डबी अडीच नंबरची मागवायची की दोनची, यावर चौघांचं एकमत व्हायला दोन दिवस गेले. दोनची मागवली आहे. सोबत एक दीड नंबरची वेगळी रीडही सांगितली आहे, आमच्यातल्या एकाच्या मुलासाठी. तो आठवीत आहे, बारवेवर माझ्या शेजारी बसून सा लावतो, आणि त्याच्या आईने त्याला चंची शिवून दिली आहे.